काठावरून चालविलेली नाव

पलूसच्या आसपास वाढलेल्या मुलांना काहील ठाऊक असते. उसाचा रस आटवून गूळ करावयाची ती भली मोठी, उथळ, लोखंडी कढई होय. गुऱ्हाळाचा हंगाम संपला की ती एखाद्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असते. परंतु पूर्वी कृष्णेला पाणी आले आणि नाव हाताशी नसली, म्हणजे नदीकाठचे लोक हीच काहील पाण्यात लोटीत आणि तीत बसून पैलतीर गाठीत. लोखंडाचा एवढासा खिळा पाण्यात टाकताच तळ गाठतो आणि चार माणसांनी उचलावी लागणारी काहील मात्र माणसांसह तरंगते, हे कसे?

ह्याचे उत्तर आर्किमिडीज ह्या ग्रीक शास्त्रज्ञाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दिले आहे. पाण्यात उतरलेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला वर उचलण्यासाठी लावते. खिळा आपल्या आकाराएवढेच, म्हणजे थेंबभर पाणी बाजूला सारतो. काहील मात्र पोकळ आणि पसरट असल्यामुळे पुष्कळच पाणी बाजूला सारते. तुम्ही हा नियम पाठ केला असेल. पण पाठ केलेला नियम आणि हाताने अनुभवलेला नियम ह्यांत फार अंतर असते. ते अंतर कमी करणारा एक छंद मला उतारवयात जडला. तो म्हणजे लहान नाव स्वतः बांधावयाची, तीत मोटर बसवावयाची आणि काठावर उभे राहून रेडिओ-लहरींच्या साहाय्याने ती पाण्यावर चालवावयाची.

प्रथम हिशेब करू. नाव ५० सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद आणि खोक्यासारख्या सरळ बाजूंची आहे, असे समजा. ती पाण्यात १ सेंटिमीटर बुडाली म्हणजे ८०० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सरते आणि तेवढ्या पाण्याचे वजन ८०० ग्रॅम असते. म्हणून नावेचे सगळ्या सामानासह वजन २ किलोग्रॅम भरले, तर ती अडीच सेंटिमीटर बुडून स्थिर होईल. बाजू ८ सेंटिमीटर उंच असतील, तर साडेपाच सेंटिमीटर भाग पाण्याबाहेर राहील. तीत आणखी ८०० ग्रॅम ओझे घाला. ती बरोबर एक सेंटिमीटर खाली जाईल. खऱ्या नावेला नाळेकडे निमुळता आकार द्यावा लागतो, त्यामुळे ती थोडी अधिक बुडते. परंतु हिशेबाची रीत हीच.

बांधणीसाठी पाण्याने न फुगणारा ३ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड पुरतो. तळाचा कणा आधी कापावा, त्यावर बरगड्यांप्रमाणे आडव्या पट्ट्या उभ्या कराव्यात आणि मग बाहेरून फळ्या चिकटवाव्यात. सांधे पाण्याला दाद न देणाऱ्या गोंदाने भरून आतून-बाहेरून रंगाचे दोन हात द्यावेत. ह्या कामात घाई करणाऱ्याच्या नावेत पाणी शिरते, आणि तो मग गोंदाला दोष देत बसतो.

माझ्या पहिल्या नावेत पाणी शिरले नाही. तिचा दोष निराळा होता. तिला मी दोन मजली केबिन बांधली होती, वर पितळेचे जड धुराडे बसविले होते आणि बदलावयास सोपी जावी म्हणून बॅटरी वरच्या मजल्यावर ठेवली होती. नाव दिसावयास मोठी देखणी झाली. नातवंडांच्या देखत मी ती पाण्याच्या टाकीत सोडली. क्षणभर ती उभी राहिली, मग एका कुशीवर कलली आणि पाहता पाहता उलटी झाली. मुले टाळ्या पिटू लागली. त्यांना वाटले, ही पाणबुडी आहे!

असे का व्हावे? नाव एका बाजूस कलते, तेव्हा त्या बाजूचा भाग पाण्यात अधिक खोल जातो. साहजिकच पाण्याचा वर उचलणारा जोर त्या बाजूस सरकतो आणि नावेला पुन्हा सरळ करू पाहतो. नावेचे वजन तळाशी असेल, तर तेही ह्या कामात पाण्याला साहाय्य करते. परंतु वजन उंचावर असेल, तर कलताच तेही कललेल्या बाजूकडे झुकते आणि सरळ होण्याऐवजी नाव अधिकच कलते. मी बॅटरी तळाच्या कण्यावर आणून ठेवली आणि धुराडे कागदाचे केले. वजन जवळजवळ तेवढेच राहिले, पण नाव बोटाने दाबली तरी डोलून सरळ होऊ लागली.

दुसरा प्रयोगही करून पाहा. नावेच्या पोटात अर्धी वाटी पाणी ओता. नाव किंचित कलली की ते मोकळे पाणी धावत त्याच बाजूला जाते आणि कलण्यात भर घालते. जागेवर घट्ट बसविलेले ओझे नावेला तेवढे घातक नसते, जेवढे हलणारे ओझे असते.

हा खेळ मी इतक्या तपशिलाने सांगतो, ह्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. येरळा नदी जेथे कृष्णेला मिळते, तेथे आपल्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे गाव आहे. ८ ऑगस्ट रोजी तेथील पुरात अडकलेल्या लोकांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. होडीत तिला पेलतील त्याहून अधिक माणसे होती, असे नंतर सांगण्यात आले. माणसे म्हणजे उंचावरचे आणि हलणारे ओझे. भरलेल्या होडीत चार जण घाबरून एकदम उठले, किंवा सगळे एका बाजूस सरकले, म्हणजे काय घडते, ते टाकीतल्या नावेत खडे ठेवून आणि सरकवून तुम्ही स्वतः पाहू शकता. नावाडी ‘खाली बसा, हलू नका’ म्हणून ओरडतो, तो रागाने नव्हे.

आता नाव चालवू. मोटरला जोडलेला दांडा एका नळीतून मागे पाण्यात जातो. नळीत वंगण भरलेले असते, म्हणून आत पाणी येत नाही. दांड्याच्या टोकाला पंखा असतो. तो पाणी मागे ढकलतो आणि पाणी त्याला पुढे ढकलते. १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी पलूसला लागूनच आहे. तेथील कारखान्यातले पंप तुम्ही पाहिले असतील. पंपातही फिरणारे चाकच पाण्याला रेटा देते. भेद इतकाच की पंप जागेवर राहतो आणि पाणी जाते. येथे पाण्याला मागे सारून नाव पुढे जाते.

पंख्यामागे सुकाणू असते. ते वळविण्याचे काम एक लहानशी मोटर करते. तिला सर्व्हो म्हणतात. तुमच्या हातातील प्रेषक यंत्र रेडिओ-लहरींतून हुकूम पाठविते. नावेतील ग्राहक यंत्र तो ओळखून सर्व्होला विजेचे ठोके देते. हे ठोके साधारणपणे सेकंदाला ५० असतात. ठोका सेकंदाच्या दीड सहस्रांश काळ टिकला, तर सुकाणू मध्ये राहते. एक सहस्रांश टिकला तर एका बाजूस आणि दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या बाजूस वळते. लहरी हवेतून दूरवर जातात, पाण्यात मात्र लवकर विरतात. म्हणून ग्राहक यंत्राची तार नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशी बसवावी. नवशिक्याची फजिती दुसऱ्याच गोष्टीने होते. नाव दूर जात असते तोवर तिचे उजवे ते आपले उजवे. ती आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की तिचे उजवे आपले डावे होते.

ही कल्पना अगदी अलीकडची आहे असे समजू नका. १८९८ मध्ये निकोला टेस्ला ह्या संशोधकाने न्यूयॉर्कमधील एका प्रदर्शनात पाण्याच्या हौदात लोखंडी नाव दुरून चालवून दाखविली. ना दोरी, ना तार! पाहणाऱ्यांना तो जादूटोणा वाटला. प्रेक्षकांनी नावेला गणिते घालावीत आणि टेस्लाने गुपचूप तिचे दिवे उघडमीट करून उत्तर द्यावे, असेही झाले म्हणतात.

खऱ्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्याला गणित अधिक लागते. भारतीय नौदलात २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आहे. तिची दोनशेपट लहान प्रतिकृती १३१ सेंटिमीटर लांब होईल. पण वजन दोनशेपट कमी करून भागणार नाही. लांबी, रुंदी आणि खोली ही तिन्ही दोनशेपट घटल्यामुळे वजन ८० लाख पटींनी घटले पाहिजे. सुमारे ४५,००० टनांच्या नौकेची प्रतिकृती साडेपाच किलोग्रॅमच्या आसपासच भरावी लागते. वारा मात्र आपल्यासाठी दोनशेपट लहान होत नाही! झाडाची पाने हलविणारी झुळूक अशा नावेला वादळासारखी वाटते.

वेगाचा नियम तर फारच गमतीचा आहे. नाव पंचवीसपट लहान केली, तर वेग पाचपटच कमी ठेवावा. मग तिच्यामागे उठणाऱ्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्या दिसतात. विल्यम फ्रूड ह्या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास लांब हौदात लहान जहाजे ओढून हे पडताळून पाहिले. तेव्हापासून मोठे जहाज बांधण्याआधी त्याची प्रतिकृती हौदात ओढून पाहण्याची पद्धत रूढ झाली. पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्र सरकारची जी जलविद्युत संशोधन संस्था आहे, तिचा आरंभ १९१६ मध्ये झाला. तेथे नद्या, धरणे आणि बंदरे ह्यांच्याही प्रतिकृती करून पाण्याची वागणूक अभ्यासतात. तुमच्यापैकी कोणी पुढे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत गेले, तर तेथे जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धाच असते.

राहिला प्रश्न नाव कोठे चालवावी हा. कृष्णेच्या पात्रात मुळीच नको. तिला ओढ आहे आणि भिलवडी, औदुंबर ह्या बाजूस मगरी आहेत. शेततळे शांत दिसते, परंतु त्याचे प्लास्टिकचे उतार इतके निसरडे असतात की आत पडलेल्याला वर चढता येत नाही. उथळ टाकी किंवा हौद पाहावा आणि वडील माणूस बरोबर घ्यावे. नाव मध्येच बंद पडली, तरी तिच्यामागे पाण्यात उतरू नये. लांब दोरीला चेंडू बांधून तो नावेच्या पलीकडे फेकावा आणि हळूहळू ओढून घ्यावा. तेही साधले नाही, तर वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून समोरच्या काठावर जाऊन बसावे. माझी नाव एकदा अशीच दीड तासाने आली.