१९२९ : दहा डॉलरमध्ये शंभराचा शेअर

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा युरोप कर्जात बुडाला होता आणि अमेरिका सावकार झाली होती. १९२०-२१ ची मंदी सरली आणि मोटार, रेडिओ, सगळं हप्त्यावर घरी येऊ लागलं. शेतकऱ्याचं मात्र वाईट होतं. गहू-कापसाचे पडलेले भाव नीट सावरलेच नाहीत. पण तेजीत शेताकडे बघतो कोण?

लोकांचं लक्ष शेअरबाजारावर होतं. ऑगस्ट १९२१ मध्ये ६४ च्या आसपास असलेला डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ वर गेला. यात उधारीचा पैसा फार होता. शंभर डॉलरच्या शेअरला खिशातले दहा-वीस घालायचे, बाकीचे दलाल देई. समजा दहा घातले. भाव ११० झाला की पैसे दुप्पट. ९० झाला की खिशातले दहा साफ! मग दलाल म्हणे, आणखी पैसे आणा, नाहीतर शेअर विकतो. त्या विक्रीने भाव आणखी पडे आणि पुढच्याला तोच निरोप जाई.

२८ आणि २९ ऑक्टोबरला, दोनच दिवसांत, निर्देशांक सुमारे २३ टक्के कोसळला. जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर होता.