महाराष्ट्राचे प्रादेशिक वर्गीकरण

महाराष्ट्र हे राज्य भारताच्या कोणत्या भौगोलिक व सांस्कृतिक विभागात मोडते, या प्रश्नाला एकच सर्वमान्य उत्तर नाही. शासकीय विभागणीत ते पश्चिम भारतात गणले जाते. प्राचीन ग्रंथ व शिलालेख त्याला दक्षिणापथाचा भाग मानतात. भाषेच्या उगमाने ते उत्तरेकडील आर्यभाषांशी जोडलेले आहे, तर विदर्भ हा त्याचा मोठा भाग अनेकदा मध्य भारतात धरला जातो. ही उत्तरे परस्परविरोधी वाटली, तरी प्रत्येकामागे निराळी कसोटी आहे.

प्रस्तुत लेखात या कसोट्यांचा परिचय करून दिला असून उदाहरणांसाठी मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांचा आधार घेतला आहे. भीमेच्या खोऱ्यातील या दोन तालुक्यांत उत्तर, दक्षिण व पश्चिम या तिन्ही दिशांशी असलेल्या संबंधांच्या खुणा थोड्या अंतरावर पाहावयास मिळतात.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख

प्राचीन भारतीय भूगोलात विंध्य पर्वत व नर्मदा नदी ही उत्तर आणि दक्षिण यांची सीमा मानली जाई. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात तसेच रुद्रदामनाच्या जुनागढ येथील लेखात (इ. स. १५०) सातवाहन राजासाठी 'दक्षिणापथपती' ही पदवी आढळते. रविकीर्तीने रचलेल्या ऐहोळे येथील शिलालेखात (इ. स. ६३४) चालुक्य राजा दुसरा पुलकेशी हा नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चा स्वामी झाल्याचे म्हटले आहे. याच पुलकेशीने उत्तरेचा सम्राट हर्षवर्धन याला नर्मदेच्या दक्षिणेस येऊ दिले नाही.

दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात देशाचे दिशावार विभाग दिले आहेत. त्याच्या मते माहिष्मतीच्या पलीकडे दक्षिणापथ सुरू होतो. त्यात तो महाराष्ट्र, विदर्भ, अश्मक, कुंतल आणि शूर्पारक (आजचे सोपारा) यांच्यासोबत कांची व केरळ यांचीही गणना करतो. सुराष्ट्र, आनर्त आणि भृगुकच्छ, म्हणजे आजच्या गुजरातचे भाग, मात्र त्याने पश्चिमेकडील देशांत घातले आहेत. आज महाराष्ट्र व गुजरात यांची एकत्रित ओळख 'पश्चिम भारत' अशी करून दिली जाते. राजशेखराच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या दिशांचे प्रदेश होते. याउलट ब्राह्मणांच्या पंचगौड व पंचद्रविड या पारंपरिक विभागणीत महाराष्ट्र आणि गुजरात हे दोन्ही प्रदेश द्रविड गटात येतात. म्हणजे जुन्या परंपरेतही कसोटी बदलली की गट बदलत असे.

'दक्षिण' या शब्दाच्या प्राकृत रूपापासून 'दख्खन' हा शब्द आला. बहमनी राज्य व त्यातून निघालेल्या शाह्या, पुढे मोगल आणि इंग्रज यांच्या काळात हेच नाव रूढ राहिले. पुण्यातील डेक्कन कॉलेज, डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) आणि पुणे–मुंबई मार्गावरील डेक्कन क्वीन (१९३०) ही नावे त्याच ओळखीची आहेत.

पश्चिम भारत: प्रशासकीय ओळख

'पश्चिम' ही ओळख प्रामुख्याने मुंबई बंदर व मुंबई इलाखा यांच्याभोवती घडली. या इलाख्यात सिंध (१९३६ पर्यंत), गुजरात, कोकण, देश आणि कर्नाटकाचा उत्तर भाग यांचा समावेश होता. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने पाच क्षेत्रीय परिषदा स्थापन झाल्या. त्यांपैकी पश्चिम क्षेत्रात आरंभी मुंबई व म्हैसूर ही राज्ये होती. म्हैसूर, म्हणजे आजचे कर्नाटक, पुढे दक्षिण क्षेत्रात गेले. राज्याची दिशा कायद्यातील एका दुरुस्तीने बदलू शकते, हे यावरून दिसते.

आजचा महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला. त्याचे घटक वेगवेगळ्या प्रशासनांतून आले होते. कोकण व देश मुंबई इलाख्यातून, मराठवाडा हैदराबाद संस्थानातून आणि विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडातून आला. त्यामुळे निरनिराळ्या संस्थांच्या विभागणीत राज्य एकाच दिशेला बसत नाही:

* रेल्वे: मुंबई व पुणे मध्य रेल्वेत, मुंबईच्या उपनगरांतील एक मार्ग पश्चिम रेल्वेत, नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, तर गोंदियाचा परिसर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येतो.
* लष्कर: भूदलाच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय पुण्यात आहे.
* संस्कृती: उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या दोहोंत महाराष्ट्राचा समावेश आहे.
* क्रिकेट: दुलीप करंडक स्पर्धेच्या विभागवार रचनेत मुंबई व महाराष्ट्र हे संघ पश्चिम विभागात, तर विदर्भ मध्य विभागात मोडतो.
* हवामान: शिरूर व दौंड यांचा प्रदेश बोलण्यात 'पश्चिम महाराष्ट्र' असला, तरी हवामान खात्याच्या उपविभागांत तो 'मध्य महाराष्ट्र' आहे.

भूगोल: शिरूर व दौंड

भूरचनेच्या दृष्टीने कोकण वगळता राज्याचा बहुतेक भाग दख्खनच्या पठारावर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हा उद्रेकांतून या पठाराचा काळा कातळ तयार झाला. शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील पावसाचे प्रमाण कमी असून ज्वारी व बाजरी ही पारंपरिक पिके आहेत; कालव्यांच्या पाण्यावर पुढे उसाची लागवड वाढली.

शिरूर शहर घोड नदीच्या काठी आहे, म्हणून ते 'घोडनदी' या नावानेही ओळखले जाते. दौंड भीमेच्या काठी आहे. घोड भीमेला मिळते, भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र येथून तुलनेने जवळ असूनही या तालुक्यांतील पाणी दक्षिण-पूर्वेस वाहत जाते. पाणलोटाच्या कसोटीवर हा प्रदेश निःसंशय दक्षिणेचा ठरतो.

एकोणिसाव्या शतकातील शासकीय भाषेतही तो दख्खनच होता. मे १८७५ मध्ये तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि तो शिरूरसह आसपासच्या तालुक्यांत पसरला. आजच्या दौंड व बारामती परिसराचा समावेश जुन्या भीमथडीत होता. हे उठाव 'दख्खनचे दंगे' या नावाने नोंदले गेले आणि त्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीसंबंधीचा कायदा झाला.

इनामगाव येथील पुरावा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष आहेत. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांची नावे या कामाशी निगडित आहेत. वस्तीचा काळ सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० असा मानला जातो.

येथील सर्वांत जुना थर माळवा संस्कृतीचा आहे. तिचे मूळ क्षेत्र नर्मदेच्या उत्तरेस होते. त्यावरचे थर जोर्वे संस्कृतीचे आहेत. हे नाव संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून पडले असून ही संस्कृती महाराष्ट्रातच विकसित झाली. मृत बालकांना कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची प्रथा येथे होती. बालकांची कुंभदफने कर्नाटकातील नवाश्मयुगीन स्थळांवरही आढळतात. उत्तरेकडून आलेली शेतकरी संस्कृती, स्थानिक घडण आणि दक्षिणेशी साम्य असलेल्या प्रथा यांचा क्रम येथे एकाच पांढरीत दिसतो.

भाषा

मराठी ही भारतीय-आर्य कुळातील भाषा असून महाराष्ट्री प्राकृतापासून तिची परंपरा सांगितली जाते. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात तिला आर्यभाषांच्या 'दक्षिण गटा'त ठेवले. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' हा भेद बहुतेक द्रविड भाषांत आहे; मराठी व गुजरातीत तो आढळतो, प्रमाण हिंदीत नाही. अक्का, अण्णा, अप्पा ही संबोधने मराठी घरांत कन्नड घरांइतकीच सहज वापरली जातात. विश्वनाथ खैरे यांनी 'द्रविड महाराष्ट्र' या ग्रंथात मराठीचे तमिळशी असलेले नाते मांडले, तर शं. बा. जोशी यांनी मराठी व कन्नड संस्कृतींच्या संबंधांवर लेखन केले. त्यांचे सर्व निष्कर्ष सर्वमान्य नाहीत. द्रविड भाषांचा मराठीवरील प्रभाव मात्र अभ्यासकांनी सामान्यतः मान्य केला आहे.

नातेसंबंध, कालगणना व दैवते

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेनुसार विभाग पाडले व महाराष्ट्राला मध्य विभागात ठेवले. उत्तरेत मामाच्या मुलीशी विवाह निषिद्ध मानला जातो. महाराष्ट्रातील अनेक जातींत तो चालतो. आत्याच्या मुलीशी विवाह मात्र सहसा टाळला जातो. दक्षिणेत आढळणारा मामा-भाचीचा विवाह येथे रूढ नाही. या बाबतीत महाराष्ट्र दोन पद्धतींच्या मधोमध आहे.

महाराष्ट्रात शालिवाहन शक व अमान्त महिने पाळले जातात. गुढीपाडव्याच्याच दिवशी कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगण येथे युगादी साजरी होते. उत्तरेत विक्रम संवत व पौर्णिमान्त महिने प्रचलित आहेत. शास्त्रीय संगीतात मात्र महाराष्ट्र पूर्णपणे हिंदुस्थानी पद्धतीचा असून तिची दक्षिण सीमा महाराष्ट्रात नव्हे, तर कर्नाटकात धारवाडच्या पलीकडे जाते.

दौंडपासून जवळ असलेल्या जेजुरीचा खंडोबा कर्नाटकात मैलार व तेलुगू प्रदेशात मल्लण्णा म्हणून पूजिला जातो. देहूहून पंढरपूरला जाणारी तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत व वरवंड येथे मुक्काम करते. ज्या विठ्ठलाच्या दर्शनाला ती जाते, त्याला संतांनी 'कानडा' म्हटले आहे. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबा व विठ्ठल या दोन्ही दैवतांचे दाक्षिणात्य संबंध विस्ताराने अभ्यासले.

दळणवळण

मुंबईहून पुणे, दौंड व सोलापूरमार्गे जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासकडील मार्गाला जोडला गेला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे जंक्शन झाले आणि दक्षिणेकडील गाड्यांना मुंबईस न जाता उत्तरेकडे जाता येऊ लागले. पुणे–हैदराबाद महामार्ग दौंड तालुक्यातून, तर पुणे–अहिल्यानगर मार्ग शिरूरमधून जातो.

वर्गीकरणाचे सामाजिक परिणाम

हा प्रश्न केवळ नकाशापुरता नाही. वाराणसी व बडोदा येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना स्थानिक लोक 'दक्षिणी' म्हणत आले आहेत. १९६० च्या दशकात मुंबईत नोकऱ्यांच्या प्रश्नावरून 'दाक्षिणात्यां'विरुद्ध आंदोलन झाले, तेव्हा तो शब्द मराठी भाषकांना वगळून वापरला गेला. बेळगावसंबंधीच्या महाराष्ट्र–कर्नाटक सीमावादात दोन्ही बाजूंनी प्राचीन राजवटी, शिलालेख व स्थलनामे यांचे दाखले दिले गेले. परंतु एखाद्या शब्दाचे किंवा दैवताचे मूळ कानडी असणे आणि आजच्या लोकांची भाषा व इच्छा काय आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही.

म्हणून महाराष्ट्राचा उल्लेख करताना कसोटीही सांगणे योग्य ठरते: प्रशासनाने पश्चिम, भूरचनेने व ऐतिहासिक नावाने दख्खन, भाषाकुळाने आर्य, आणि नातेव्यवस्था, कालगणना व लोकदैवते यांच्या दृष्टीने उत्तर–दक्षिणेचा संधिप्रदेश. कसोटी न सांगता दिलेले 'महाराष्ट्र पश्चिम भारतात आहे' हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे.