हार्ट ट्रॉफीचा कौल

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये मोसमात सर्वाधिक गुण, म्हणजे गोल आणि असिस्ट मिळून, कोणी केले हे ठरवायला मतदान लागत नाही. बेरीज केली की झालं. हार्ट ट्रॉफीचं तसं नाही. १९२४ साली ऑटावाच्या फ्रँक नायबरला ती पहिल्यांदा मिळाली. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू शोधणं हा तिचा हेतूच नाही. आपल्या संघाला सर्वांत मोलाचा कोण, हे तिला ठरवायचं असतं. म्हणजे तो खेळाडू नसता तर संघाचं काय झालं असतं, याचा अंदाज बांधणं आलं. त्याला पुरावा कुठून आणणार? म्हणून हा निवाडा माणसांवर सोपवला आहे, आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं.

मतं देतात हॉकी पत्रकारांच्या संघटनेचे सभासद, साखळी सामने संपल्यावर आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, सुरू व्हायच्या आत. प्रत्येकाने पाच नावं क्रमाने लिहायची. त्यांना १०, ७, ५, ३ आणि १ असे गुण पडतात. त्यामुळे मतपत्रिकेवरचं तिसरं-चौथं नावही निकाल फिरवू शकतं. २००० साली सेंट लुईसच्या ख्रिस प्राँगरला ३९६ गुण पडले, यारोमिर यागरला ३९५. यागरने ६३ सामन्यांत ९६ गुण करून लीगमध्ये पहिला नंबर काढला होता, तरी मान गेला बचावपटूकडे.

१९८९चा निकाल तर अनेकांना आजही पटत नाही. पिट्सबर्गच्या मारियो लेम्यूचे १९९ गुण, वेन ग्रेट्स्कीचे १६८, आणि हार्ट ग्रेट्स्कीला! पण ग्रेट्स्की त्याच मोसमात लॉस एंजेलिसला आला होता, आणि आदल्या वर्षी गुणतक्त्यात ६८ गुणांवर अडकलेला तो संघ ९१वर पोचला. खेळाडू नसताना काय होतं, हे इथे निदान आदल्या मोसमात दिसलं होतं.

निवड खेळाडूंनीच करावी, पत्रकारांना काय कळतं, असा एक आक्षेप असतो. खेळाडूंचा वेगळा पुरस्कार आहेच, आता तो टेड लिंडसे यांच्या नावाने दिला जातो. तो असतो सर्वांत उल्लेखनीय खेळाडूला. २००० साली खेळाडूंनी यागरला निवडलं, १९८९ साली स्टीव्ह आयझरमनला. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं. त्यात कोणाची चूक शोधायची?

दुसरा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. संघ प्लेऑफला गेला पाहिजे, अशी अट नियमात कुठेही नाही. १९५४ साली तळाला राहिलेल्या शिकागोचा गोलरक्षक अल रोलिन्स हार्ट जिंकला होता. तरी बरेच मतदार ही अट मनाशी धरून बसतात. २०१८ साली कॉनर मॅकडेव्हिडने लीगमध्ये सर्वाधिक १०८ गुण केले, पण एडमंटन प्लेऑफला मुकलं आणि तो पाचवा आला. जिंकला न्यू जर्सीचा टेलर हॉल, ९३ गुणांवर. हॉलचा दावा भक्कमच होता, कारण त्याच्या संघातला पुढचा खेळाडू ५२वर थांबला होता. त्याचं मोल सिद्ध करायला हे अंतर पुरेसं आहे. प्लेऑफचं तिकीट कशाला जोडायचं? एडमंटनच्या बाकीच्यांचा खेळ तोकडा पडला, तर मॅकडेव्हिडचं मोल उलट वाढायला हवं होतं.