लाइट लागले की पळायचं नाही!

26 जून जवळ आला की तुमच्याही कॉलेजात नोटीस लागत असेल. अमली पदार्थविरोधी दिन. हॉलमध्ये सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची, पोस्टर स्पर्धेची बक्षिसं, पाहुण्यांचं भाषण, चहा-बिस्किटं, ग्रुप फोटो. झाला कार्यक्रम.

पण शेवटच्या बाकावर बसून शपथ घेणारा एखादा जण मनात म्हणत असतो, 'मी तर आधीच अडकलोय. आता सांगू कुणाला?' त्याचं उत्तर त्या भाषणात नसतं.

आमच्या हॉस्टेलवर असाच एक मुलगा होता. तो काय घेतो, हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं. बोललं कुणीच नाही. बोललो तर पोलिस येतील, त्याचं करिअर संपेल, आपलंही नाव येईल, अशी भीती. एके दिवशी त्याचे वडील आले आणि त्याला घेऊन गेले. बॅग आम्हीच भरून दिली. पुढच्या वर्षी आम्ही चौघांनी ठरवलं, या विषयावर सिनेमा दाखवायचा आणि नंतर बोलायचं. 'ड्रग्ज वाईट' हे सगळ्यांना पाठ आहे. कायदा नेमकं काय म्हणतो आणि उपचार कुठे मिळतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

तुमच्या मनात असं काही असेल, तर आम्ही ठेचा खाऊन शिकलो ते सांगते.

सर 'नाही'च म्हणणार!

आमचं पहिलं पत्र एका ओळीचं होतं: 'ड्रग्जवर फिल्म दाखवायची आहे.' उत्तरही तेवढंच आलं. 'आपल्याकडे असलं काही नाही, उगाच कॉलेजचं नाव कशाला?' आम्ही हिरमुसलो, पण सरांचंही चूक नव्हतं. काय दाखवणार, कोण बोलणार, कोण जबाबदार, काहीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या पत्रात विषय लिहिला, 'अमली पदार्थ: कायदा आणि उपचार'. सोबत सिनेमाचं नाव, त्याचं सर्टिफिकेट, वेळ, समुपदेशक आणि वकील अशा दोन पाहुण्यांची माहिती. एक प्राध्यापक हजर राहतील, या अटीवर परवानगी मिळाली.

कोणता सिनेमा?

'उडता पंजाब' सगळ्यांच्या तोंडावर असतो. त्याची स्वतःची गोष्टही चर्चेला भारी आहे. 2016 मध्ये सेन्सॉर बोर्डाने त्यात बरेच बदल सुचवले, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने एकाच कटसह तो दाखवायला परवानगी दिली. पण लक्षात ठेवा, त्याला 'ए' सर्टिफिकेट आहे. तुमच्या कॅम्पसवर ज्युनिअर कॉलेज असेल, तर अकरावी-बारावीची मुलं आत बसू शकत नाहीत. एफवायचेही काही जण अठरा पूर्ण नसतात.

धोरणावरच बोलायचं असेल तर युजीन जरेकी यांचा 'द हाउस आय लिव्ह इन' हा 2012 चा माहितीपट आहे. अमेरिकेने ड्रग्जविरुद्ध 'युद्ध' पुकारलं, तुरुंग भरले, मग पुढे काय झालं, हे तो विचारतो.

आणि पायरसीची कॉपी पेनड्राइव्हवर आणू नका! कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवायला सवलत आहे, पण प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं असतील तरच. म्हणजे तिकीट लावून गावाला बोलवायचं नाही. ओटीटीचं अकाउंट हे घरच्यासाठी असतं, त्याच्या अटी वाचा. नेटफ्लिक्स काही निवडक माहितीपटांना एकदाच्या शैक्षणिक स्क्रीनिंगची मुभा देतं. तुमचा माहितीपट त्यात आहे का, ते आधी बघा.

कायद्यात काय आहे?

चर्चेआधी आयोजकांनी तरी एवढं वाचलेलं हवं. आपला एनडीपीएस कायदा 1985 चा. त्यात प्रमाणाला फार महत्त्व आहे. गांजा 1 किलोपर्यंत 'अल्प प्रमाण', 20 किलोच्या वर 'व्यावसायिक प्रमाण'. एमडीएमएचं मात्र अल्प प्रमाण अर्धा ग्रॅम आणि 10 ग्रॅमच्या वर व्यावसायिक. तिथे शिक्षा किमान 10 वर्षांची आणि जामीन मिळणं महाकठीण. 'मी फक्त मित्रासाठी ठेवलं होतं' हे वाक्य कोर्टात कामाला येत नाही. अल्प प्रमाण म्हणजे माफी असंही नाही, तोही गुन्हाच. नुसतं सेवन केलं तरी कलम 27 खाली शिक्षा आहे.

पण याच कायद्यात कलम 64-ए सुद्धा आहे. व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. आमच्या मजल्यावर हे एकालाही माहीत नव्हतं.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी साधारण 20 जणांमागे एकालाच काही उपचार मिळतात, असं त्यात दिसलं. बाकीचे 19 कुठे असतात? घरी, हॉस्टेलवर, आपल्या शेजारच्या बाकावर.

वादासाठी पोर्तुगालचं उदाहरण घ्या. 2001 पासून तिथे साधारण 10 दिवस पुरेल एवढा साठा स्वतःसाठी बाळगला तर फौजदारी खटला होत नाही, माणूस तीन जणांच्या समितीपुढे जातो. विक्री मात्र आजही गुन्हाच. आपल्याकडे असं चालेल का? 'हो' आणि 'नाही' दोन्ही बाजूंनी बोलणारे हवेत, नाहीतर तेही भाषणच!

खरी गोष्ट सिनेमानंतर

सिनेमा दोन तासांचा असेल तर चर्चेला किमान एक तास ठेवा. लाइट लागले की निम्मं पब्लिक चपला शोधतं, म्हणून चहा चर्चेनंतर द्या. 'इथे कुणी कधी ट्राय केलंय?' असा प्रश्न चुकूनही विचारू नका. मोबाइल शूटिंग बंद. व्यसनातून बाहेर आलेल्या कुणाला बोलावलंत, तर तो किती आणि काय सांगणार हे त्यालाच ठरवू द्या.

आणि चिठ्ठ्या ठेवा. बिननावाच्या. आमच्याकडे 'काही प्रश्न?' म्हटल्यावर हॉल चिडीचूप. मग खोका फिरवला, तर 31 चिठ्ठ्या आल्या. एक होती: 'रूममेट घेतो. घरी सांगितलं तर मैत्री तुटेल. नाही सांगितलं तर?'

वकीलसाहेब समुपदेशक मॅडमकडे बघायला लागले. मॅडम थोडं थांबून म्हणाल्या, "पहिल्यांदा त्यालाच सांग, की मला दिसतंय आणि मला भीती वाटतेय. उपदेश नको. सोबत येतो म्हण. आणि हे ओझं एकट्याने उचलू नकोस, एका मोठ्या माणसाला सांग." मग त्यांनी फळ्यावर 14446 लिहिला. ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'बद्दलही त्यांनी सांगितलं.

ती चिठ्ठी कुणाची, ते आम्ही शोधलं नाही. तुम्हीही शोधू नका.

हॉल रिकामा झाल्यावर आम्ही खुर्च्या लावत होतो. शिपाईकाका डस्टर घेऊन आले, फळ्यापुढे थांबले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी तो नंबर उतरवून घेतला आणि विचारलं, "उद्यापर्यंत राहू दे का गं हे?"

राहू दिलं. तुमच्या फळ्यावरही राहू द्या.