घेणारा कोणासाठी घेतो?



कापसाची वेचणी सुरू झाली की गावोगाव खरेदीची माणसे फिरू लागतात. कोणी खेडा खरेदीसाठी टेम्पो घेऊन दारात येतो, कोणी अडतीवर बोलावतो, तर कोणी सरकारी केंद्राची वार्ता आणतो. आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो तो भावाचा. तो विचारलाच पाहिजे. पण त्याच्या जोडीने आणखी एक विचारावा: हा गृहस्थ माल घेतो तो कोणासाठी, आणि त्याला जाब विचारणारा कोण?

हा प्रश्न फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन बादशहा प्रांतोप्रांती आपले कारभारी नेमत असे. त्यांना ‘प्रोक्युरेटर’ म्हणत. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काळजी वाहणारा, आपल्याकडील मुखत्यारासारखा. कर वसूल करणे, बादशहाच्या जमिनी आणि खाणी सांभाळणे ही त्याची कामे. काळजी वाहिली जाई ती बादशहाच्या तिजोरीची. पिकवणाऱ्याची बाजू घेणे हे त्याचे काम नव्हते.

आपल्या मराठवाड्यात काय होते ते पाहा. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली मरेपर्यंत येथेच राहिला. एवढ्या फौजांना धान्य पुरवत ते लमाणांचे तांडे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून नायकाच्या हुकमतीखाली तांडा चाले. स्वस्ताई असेल तेथे धान्य घ्यायचे आणि छावणीत नेऊन विकायचे. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्ली औरंगाबादेवरून पुढे गेला आणि भोकरदनकडच्या असईला लढला, त्याचीही भिस्त याच तांड्यांवर होती. लमाण व्यापारी होता. त्याच्याशी भाव बोलता येत असे, माल नाकारताही येत असे.

निजामी राजवटीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्ही आली, तेव्हा ही मोकळीक गेली. ठरवलेले धान्य सरकारी दराने घालावेच लागे. बडे लोक वजन वापरून सुटत आणि भार लहान शेतकऱ्यावर पडे. तेलंगणातील शेतकरी उठावाच्या कारणांत ही लेव्हीही होती.

पुढे १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. येथे खरेदी करणारा प्रथमच कायद्याने शेतकऱ्याच्या वतीने उभा राहिला. सहकारी पणन महासंघाने कापूस घ्यायचा, सरकी काढायची, रुई विकायची आणि नफा झाला तर बोनस शेतकऱ्याला द्यायचा. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याच्या मनमानीतून अनेकांची सुटका झाली, हे खरे. पण दुसऱ्या कोणाला कापूस विकण्याची मुभा नव्हती. ग्रेडरने प्रत खाली लावली किंवा चुकारे लांबले, तर गाडी वळवून न्यायची कोठे? शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस चोरवाटेने सीमेपार जाई. योजना तोट्यात गेली आणि २००२ साली मक्तेदारी संपली.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. खरेदी करणारा सरकारी असो, सहकारी असो वा खासगी, आपल्यापाशी दुसरी वाट असेल आणि हातात लेखी कागद असेल, तरच तो आपल्याशी नीट वागतो.

आता यंदाच्या मालासंबंधी चार गोष्टी सांगतो.

पहिली, हमीभावाची वाट मोकळी ठेवा. १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, केंद्र सरकारच्या वतीने कापूस घेते. त्यासाठी सातबारा, पीक नोंद आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार असावे. २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते.

दुसरी, ओलावा. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे टक्क्यागणिक कपात होते आणि बारा टक्क्यांवरचा कापूस परत पाठवतात. दव उतरल्यावर वेचा, उन्हात वाळवा, मगच गाडी भरा.

तिसरी, अडत. अडत्या हा मुळात आपला माल विकून देणारा आपला माणूस. फळे आणि भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराने द्यायची आहे. पट्टीत ती तुमच्याकडून कापली असेल, तर बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी तक्रार द्या.

चौथी, दारात येणाऱ्याला नाव, गाव आणि परवाना विचारा. वजन आपल्यासमोर करून घ्या आणि काटापट्टीवर त्याची सही घ्या. पैसे हाती आल्याशिवाय टेम्पो हलू देऊ नका.

भगिनींनो, या साऱ्या पट्ट्या घरात एका पिशवीत तारखेवार ठेवण्याचे काम तुम्ही हाती घ्या. वर्षाच्या घामाचा हिशेब त्या पिशवीत असतो. उद्या तक्रार करायची वेळ आली, तर तोंडच्या शब्दापेक्षा तो कागदच उपयोगी पडेल.