टर्की पक्ष्याचा तुर्कस्तानशी संबंध काय?

जून 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तुर्कस्तानची विनंती मान्य केली आणि 'टर्की' हा देश अधिकृतपणे 'तुर्किये' झाला. नाव बदलण्याच्या कारणांमध्ये तिथल्या सरकारी वाहिनीनं एका पक्ष्याचाही उल्लेख केला होता. इंटरनेटवर 'टर्की' शोधलं की देशासोबत नाताळच्या ताटातला पक्षीही समोर येतो. शिवाय इंग्रजीत पडेल सिनेमाला आणि मूर्ख माणसालाही 'टर्की' म्हणतात!

गंमत म्हणजे हा पक्षी तुर्कस्तानातला नाहीच. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. मेक्सिकोतल्या लोकांनी तो पाळीव केला आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला.

मग हे नाव आलं कुठून?

सर्वाधिक मान्य असलेलं उत्तर असं, की घोळ एका वेगळ्याच पक्ष्यामुळे झाला. आफ्रिकेतली ठिपकेदार गिनी फाउल तुर्की साम्राज्यातल्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपात यायची, म्हणून इंग्रज तिला 'टर्की कॉक' म्हणत. अमेरिकेतून आलेला पक्षी त्यांना तिच्यासारखाच वाटला आणि नाव त्याला चिकटलं. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. 1758 मध्ये लिनियसनं त्याला 'मेलिआग्रिस' हे शास्त्रीय नाव दिलं. हा ग्रीक शब्दही गिनी फाउलचाच.

खुद्द तुर्की भाषेत या पक्ष्याला काय म्हणतात? 'हिंदी'! फ्रेंच 'दँद'चा अर्थही 'हिंदुस्थानची'. कारण तेव्हा युरोपीय लोक अमेरिकेलाही 'इंडीज'च म्हणायचे. डच 'काल्कून'मध्ये तर थेट आपलं कालिकत आहे. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात (आपला खायचा पेरू वेगळा), पण तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातलाही नाही.

हिंदुस्थानात मात्र हा पक्षी स्वतःच पाहुणा होता. 1612 मध्ये मुकर्रब खान यानं पोर्तुगीजांच्या गोव्यातून तो बादशहा जहांगीरसाठी नेला. चकित झालेल्या जहांगीरनं त्याचं वर्णन आत्मचरित्रात लिहिलं आणि चित्रही काढून घेतलं. उस्ताद मन्सूरचं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ज्यांनी तो पाळीव केला त्यांनी दिलेलं नाव जगभर पोचलंच नाही. मेक्सिकोत मात्र ते टिकून आहे. तिथे त्याला आजही 'ग्वाहोलोते' म्हणतात. हा शब्द अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतून आलाय.