सूनबाईंचं कोठीघर

"व्हॉल्यूम भरत आलाय, टेप माउंट झाली का? आणि मिरर तुटलाय का तेवढं बघ!"

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. सूनबाई जेवणाच्या टेबलाशी संगणक मांडून फोनवर बोलत होती. मी पाणी प्यायला उठले होते, तशीच थबकले. "काय गं, कुणाचा आरसा फुटला?"

ती हसायलाच लागली. "आई, आरसा जागेवर आहे. बसा, सांगते."

ती पुण्याच्या एका कंपनीत आहे. काम परदेशातल्या एका बँकेचं. त्या बँकेच्या मेनफ्रेमवरची माहितीची साठवण ती सांभाळते. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या बँका, विमा कंपन्या वापरतात तो भलाथोरला संगणक. पूर्वी त्याचा मुख्य भाग एका मोठ्या चौकटीच्या कपाटात बसवलेला असे, त्यावरून हे नाव पडलं. त्या रात्री तिनं मला एकेक शब्द उलगडून सांगितला, आणि मैत्रिणींनो, मला वाटलं, शब्द तेवढे नवे, संसार आपलाच!

पहिला शब्द कॅश. ही रोकड नव्हे बरं का! हा आपला मिसळणाचा डबा. हळद, मोहरी दर फोडणीला लागते, म्हणून ती शेगडीजवळ. संगणकही सारखी लागणारी माहिती अशीच हाताशी ठेवतो.

त्यामागे डिस्कचं फडताळ. मेनफ्रेमवाली मंडळी त्याला 'डॅझडी' म्हणतात. फडताळातला हवा तो डबा थेट काढता येतो, तशीच डिस्कवरची माहिती. एकेक डबा म्हणजे व्हॉल्यूम, आणि कुठल्या डब्यात काय ते लिहून ठेवलेली वही म्हणजे कॅटलॉग. असं पहिलं फडताळ १९५६ साली आयबीएम कंपनीनं आणलं. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावत होती ५० लाख अक्षरं. आज आपल्या फोनमधला एखादा फोटोच तेवढी जागा खातो!

टेप म्हणजे माळा. जुन्या कॅसेटमधलं पाचवं गाणं ऐकायला आधीची चार पुढे सरकवावी लागत, तसं इथंही. वेळ लागतो, पण जागा स्वस्त पडते. म्हणून बरेच दिवस कुणी न मागितलेली माहिती टेपवर हलवतात. त्याला म्हणतात मायग्रेशन. लागली की पुन्हा खाली काढायची, ते रिकॉल. होळीला पुरणयंत्र माळ्यावरून काढतो ना आपण, अगदी तसंच.

रेड हा शब्द मला फार आवडला. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या तिघांनी तो एका निबंधात मांडला. समजा, वहीत लिहिलंय: दूध ३००, किराणा ४००, फी ५००, एकूण १२००. किराण्याच्या आकड्यावर चहा सांडला तरी बेरजेवरून तो काढता येतो. तशीच अनेक डिस्कांवर माहितीबरोबर 'बेरीज'ही लिहून ठेवतात. एक डिस्क गेली तरी हिशेब जुळतो.

आणि मिरर? जे इथं लिहायचं, ते त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणीही लिहायचं. एका इमारतीला आग लागली तरी दुसरीकडे सगळं शाबूत.

"मग झालं की! दोन्हीकडे आहे म्हणजे काळजी नाही," मी म्हटलं.

"तिथंच तर फसतो माणूस. आरशासमोर कपाळावरचं कुंकू पुसलंत, तर आरशातलं राहील का?"

मी गप्पच झाले. कारण ते माझ्या बाबतीत घडलं होतं. फोन भरला म्हणून मी त्यातले जुने फोटो पुसले. टॅबवर तेच फोटो दिसत होते, म्हणून निर्धास्त होते. पण दोन्ही एकमेकांना जोडलेले! दोन-तीन महिन्यांनी बघते तो दोन्हीकडून गेलेले, कचरापेटीतूनसुद्धा. ह्यांच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते ते. माझ्याकडे आरसा होता, बॅकअप नव्हता. बॅकअप म्हणजे कालची, अलग ठेवलेली प्रत. आज हातून चूक झाली तरी तिला धक्का लागत नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या जीमेलमध्ये एका सदोष बदलामुळे काही लोकांची पत्रं दिसेनाशी झाली. पत्रांच्या अनेक प्रती होत्या, पण त्या चुकीनं एकाहून अधिक प्रतींना गाठलं. शेवटी कामी आला तो माळाच! टेपा अलग ठेवलेल्या असल्यामुळे वाचल्या. वेळ लागला, पण पत्रं परत आली.

माझे फोटो? नागपूरला लेकीनं त्यातले निम्मे एका पेनड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवले होते, तेवढे मिळाले. उरलेले गेले ते गेलेच.

म्हणून सूनबाईंचा नियम आता मी पाळते. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, लेकीकडे किंवा भावाकडे. उतरवून झालं की पेनड्राइव्ह काढून ठेवायचा, जोडलेला ठेवायचा नाही. वर्षातून एकदा उघडून बघायचं, जसं बेगमीचं धान्य आपण उन्हात घालून बघतो. आणि विमा, ठेवी, घराची कागदपत्रं कुठं आहेत त्याची एक वही करून घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवायची. हा आपला कॅटलॉग!

येत्या दिवाळीला फराळाचे डबे भरताना हा एक डबाही भरा. तो कधी उघडावा न लागो. पण भरलेला असू दे.